शाखेविना बँक : खाते कोठे उघडावे?

बँक म्हटली की एके काळी डोळ्यांसमोर उभे राहत असे ते जाळीच्या खिडकीचे, तिच्यापुढील लांब रांगेचे आणि खातेपुस्तकात नोंद करून घेण्यासाठी केलेल्या विनवणीचे चित्र. खाते उघडायचे तर त्याच बँकेतील एखाद्या जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. ज्याच्या घरात आजवर कोणाचेच खाते नव्हते, त्याने ही ओळख आणावी कोठून? त्यामुळे आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांची बचत डब्यात, गादीखाली, नाहीतर भिशीत राहिली. बँकेचे दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता.

आज तो उंबरठा जवळजवळ उरलेला नाही. हातातील मोबाईलवर आधार क्रमांक व पॅन क्रमांक घालून काही मिनिटांत बचत खाते उघडते. ना फॉर्म, ना रांग, ना कोणाची ओळख. साहजिकच आपले विद्यार्थी विचारतात, "मग शाखेच्या बँकेत जायचेच कशाला? मोबाईलवरचे खाते घेतले तर काय बिघडले?" उलट त्यांचे पालक म्हणतात, "जिथे माणूस दिसत नाही, तिथे पैसा ठेवायचा कसा?" दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ऑनलाईन बँक म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्राझील, इंग्लंड, हाँगकाँग अशा ठिकाणी ज्यांना एकही शाखा नाही अशा स्वतंत्र परवान्याच्या बँका आहेत. हाँगकाँगने तर २०१९ साली अशा आठ बँकांना परवाने दिले. भारतात निती आयोगाने जुलै २०२२ मध्ये डिजिटल बँकांसाठी वेगळा परवाना असावा असा अहवाल दिला. परंतु रिझर्व्ह बँकेने असा वेगळा परवाना दिलेला नाही. तेव्हा आपल्याकडे 'ऑनलाईन बँक' या नावाखाली जे दिसते, ते तीन निरनिराळ्या प्रकारचे असते.

पहिला प्रकार म्हणजे नेहमीच्याच बँकेचे मोबाईलवरून उघडणारे खाते. कोटक महिंद्र बँकेचे '८११' हे २०१७ साली सुरू झालेले खाते याचे परिचित उदाहरण होय. येथे बँक तीच, शाखाही आहेत. फक्त खाते उघडण्याची व वापरण्याची रीत वेगळी.

दुसरा प्रकार 'निओबँक' म्हणवणाऱ्या अॅपचा. अशी कंपनी स्वतः बँक नसते. ती आकर्षक अॅप तयार करते, खर्चाचा हिशेब दाखवते, बक्षिसे देते. पण आपले पैसे मागे उभ्या असलेल्या एखाद्या परवानाधारक बँकेत जमा होतात. अॅपचे नाव एक आणि बँकेचे नाव दुसरेच, असा हा प्रकार आहे.

तिसरा प्रकार पेमेंट्स बँकेचा. हिला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, पण मर्यादित. ती कर्ज देऊ शकत नाही, स्वतःच्या मुदत ठेवी घेऊ शकत नाही, आणि एका ग्राहकाची दिवसअखेरची शिल्लक २ लाख रुपयांपेक्षा अधिक ठेवू शकत नाही. १ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही यातलीच. तिचे काम मोबाईलवर चालते, आणि पोस्टमनही दारात येऊन अंगठ्याच्या ठशावर पैसे देतो. खेड्यापाड्यातील वृद्धांसाठी हा मधला मार्ग फार उपयोगी आहे.

आपले खाते नेमके कोणत्या बँकेत आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आयएफएससी कोड. त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची असतात. अॅपवर नाव कोणतेही असो, ही चार अक्षरे खरी मालकी सांगतात. खाते उघडण्यापूर्वी ती पाहावीत व ती बँक रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे की नाही, याची खात्री करावी.

सोयी खऱ्या आहेत

या खात्यांच्या सोयी नाकारण्याचे कारण नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला बँकेची एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. ती वाचते. दुसरे म्हणजे यांतील बहुतेक खात्यांना किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. शाखेच्या खात्यात, विशेषतः खाजगी बँकांत, किमान शिलकीची अट मोठी असू शकते आणि ती न पाळल्यास दंड कापला जातो. ज्याच्या खात्यात महिनाअखेर दोनशे रुपये उरतात, त्याला हा दंड म्हणजे गरिबीवरचा कर होय.

मात्र येथेही पुरी माहिती असावी. शून्य शिलकीचे खाते मिळवण्यासाठी अॅपच हवे असे मुळीच नाही. 'मूलभूत बचत खाते' प्रत्येक बँकेने शाखेतही दिलेच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाती याच जातीची. शिवाय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरील किमान शिलकीची अट काढली, आणि २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही किमान शिलकीचा दंड बंद केला. शाखेत गेल्यावर "असे खाते आमच्याकडे नाही" असे कोणी सांगितले, तर विनंती नव्हे, हक्क म्हणून लेखी मागणी करावी.

व्याजाचेही तसेच. काही नव्या बँका बचत खात्यावर अधिक व्याज देऊ करतात. परंतु हिशेब करून पाहावा. विद्यार्थ्याच्या खात्यात सरासरी १०,००० रुपये राहत असतील, तर अडीच टक्क्यांनी वर्षाचे २५० रुपये होतात व पाच टक्क्यांनी ५००. फरक महिन्याला सुमारे २१ रुपयांचा. एवढ्यासाठी खाते बदलावे असे आम्हांस वाटत नाही. व्याजापेक्षा महत्त्वाचे प्रश्न पुढे आहेत.

पैसा बुडणार तर नाही?

"इमारत दिसते म्हणजे पैसा सुरक्षित" ही समजूत चुकीची आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला शाखा होत्या, फलक होते, वर्षानुवर्षांचे खातेदार होते. तरीही २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारास प्रथम फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, त्याही वेळी शाखांबाहेर रांगा लागल्या.

खरे संरक्षण इमारतीचे नसून ठेव विम्याचे असते. परवानाधारक बँक बुडाल्यास एका ठेवीदारास एका बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद आहे. विम्याचा हप्ता बँक भरते. आपणांस काही करावे लागत नाही. मोबाईलवरून उघडलेल्या खात्यालाही हाच विमा लागू आहे. मात्र अॅपवरचे खाते व शाखेतले खाते अशी दोन्ही एकाच बँकेत निघाली, तर विम्यासाठी ती एकत्रच धरली जातात, हे विसरू नये.

विमा बँकेचा असतो, अॅपचा नव्हे. हा फरक किती मोठा आहे ते अमेरिकेत दिसून आले. तेथे अॅप आणि बँक यांच्यामध्ये हिशेब ठेवणारी सिनॅप्स नावाची कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कोणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत याचा मेळच लागेना, आणि हजारो कुटुंबांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. बँका बुडालेल्या नव्हत्या. म्हणून ठेव विमाही कामी आला नाही.

आपल्याकडेही याची लहानशी झलक मिळाली होती. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध येताच त्या वेळी तिच्यावर अवलंबून असलेले फोनपे अॅप बंद पडले. दुसऱ्या बँकेची जोड मिळाल्यावर ते लवकरच सुरू झाले. ज्यांनी येस बँकेचे नावही ऐकले नव्हते, अशांचे व्यवहारही त्या काळात थांबले होते.

पेमेंट्स बँकेचे उदाहरण अधिक ताजे आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई जाहीर केली. १५ मार्च २०२४ नंतर त्या खात्यांत नवी रक्कम घेणे बंद झाले. आधीची शिल्लक काढण्यास मुभा होती, त्यामुळे पैसा बुडाला नाही. परंतु ज्यांचा पगार किंवा सरकारी अनुदान त्या खात्यात येत असे, त्यांना धावपळ करून दुसरे खाते जोडावे लागले. यातून घेण्यासारखा बोध एवढाच की आपला सर्व व्यवहार एकाच खात्यावर टांगलेला नसावा.

ओटीपीवर उघडलेले खाते अपुरे असते

काही मिनिटांत उघडणाऱ्या खात्याविषयी एक गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सांगितली जात नाही. केवळ आधारच्या ओटीपीवर उघडलेले खाते हे पूर्ण खाते नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा खात्यांत एकूण शिल्लक १ लाख रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही, एका आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांच्या वर जाऊ शकत नाही, आणि एका वर्षाच्या आत पूर्ण ओळख-पडताळणी, म्हणजे केवायसी, करावी लागते. ती न केल्यास खाते बंद केले जाते.

पूर्ण केवायसी दोन प्रकारे होते : शाखेत किंवा प्रतिनिधीपुढे अंगठ्याचा ठसा देऊन, अथवा जानेवारी २०२० पासून मान्य झालेल्या व्हिडिओ पद्धतीने. व्हिडिओवर बँकेचा कर्मचारी समोरासमोर बोलतो, मूळ पॅन कार्ड दाखवायला सांगतो. म्हणून खाते उघडल्यावर "माझी केवायसी पूर्ण झाली आहे का?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावा. नाहीतर वर्षभराने, नेमकी परीक्षा शुल्क भरण्याच्या दिवशी, खाते बंद असल्याचे कळते.

शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येते?

विद्यार्थी मित्रांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. खाते निवडताना सर्वांत मोठे नुकसान येथे होण्याचा संभव असतो.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो किंवा वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना असो, ही रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. अनेकांची अशी समजूत असते की अर्जावर जो खाते क्रमांक लिहिला, त्याच खात्यात पैसे येणार. तसे नाही. आधारद्वारे पाठवलेली रक्कम खाते क्रमांक पाहून जात नाही. राष्ट्रीय पेमेंट्स निगमकडे एक नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव असते. ज्या बँकेचे नाव तेथे असेल, त्या बँकेतील खात्यात रक्कम जाते. या नोंदीला 'सीडिंग' म्हणतात. बँकेत ओळखीसाठी आधार दिलेले असणे वेगळे, आणि सीडिंग झालेले असणे वेगळे. आधार क्रमांक पाच बँकांना दिलेला असू शकतो. सीडिंग मात्र एकाच ठिकाणी असते.

आता नवे खाते मोबाईलवर उघडताना काय होते ते पाहा. अटी मान्य करण्याच्या चौकोनांमध्ये 'सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास माझी संमती आहे' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. घाईने सर्व चौकोनांवर खूण केली की जुन्या बँकेची नोंद जाऊन नवी लागते. शिष्यवृत्ती नव्या खात्यात जाते आणि विद्यार्थी मात्र जुने पासबुक घेऊन समाजकल्याण कार्यालयाच्या खेपा घालत राहतो. त्यातच ते नवे खाते ओटीपीवरचे, केवायसी अपुरी असलेले निघाले, आणि वर सांगितलेली मर्यादा ओलांडली गेली किंवा खाते बंद झाले, तर रक्कम जमाच होत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ साली एअरटेल पेमेंट्स बँकेबाबत असे उघडकीस आले की, मोबाईल सिमच्या आधार पडताळणीच्या वेळीच अनेक ग्राहकांची बँक खातीही उघडली गेली आणि त्यांचे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान त्यांना नकळत त्या खात्यांत वळले. आधार प्राधिकरणाने तिची आधार पडताळणी थांबवली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५ कोटी रुपयांचा दंड केला. अनुदान हरवलेले नव्हते. पण घरोघरी लोक जुन्याच खात्यात त्याची वाट पाहत होते.

यावर उपाय सोपा आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपल्या आधार क्रमांकाने 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येते. तेथे बँकेचे नाव व सीडिंगची स्थिती दिसते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी, आणि कोणतेही नवे खाते उघडल्यानंतर, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. नोंद चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून ती बदलून घ्यावी. फॉर्मची पोच घ्यावयास विसरू नये.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. दोन वर्षे व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते. परंतु १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की, शिष्यवृत्ती वा सरकारी योजनेसाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती केवळ वापर नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नयेत. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. शाखेत अडचण आल्यास त्याचा आधार घ्यावा.

फोन हरवला तर?

शाखेच्या खात्यात पासबुक हरवले तर दुसरे मिळते. सही व चेहरा पाहून व्यवहार करता येतो. केवळ मोबाईलवर चालणाऱ्या खात्यात फोन व सिम हीच किल्ली. फोन हरवला, सिम बंद पडले, किंवा रिचार्ज न झाल्याने मोबाईल क्रमांक दुसऱ्याच्या नावावर गेला, की आपल्याच पैशापासून आपण दूर होतो. म्हणून बँकेला जोडलेला क्रमांक कधीही बंद पडू देऊ नये. तो आपल्याच नावावर असावा. मित्राच्या वा दुकानदाराच्या नावावरील सिम बँकेला जोडू नये.

फसवणुकीविषयी थोडक्यात. फोनवर कोणी बँकेचे, पोलिसांचे वा शिष्यवृत्ती विभागाचे नाव सांगून ओटीपी मागितला, किंवा पडदा दाखवणारे अॅप घ्यायला लावले, तर संभाषण तेथेच थांबवावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व बँकेकडे तक्रार नोंदवावी. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमाचा गाभा असा की, बाहेरच्या कोणाच्या घातपाताने, खातेदाराचा दोष नसताना पैसे गेले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर जबाबदारी येत नाही. मात्र आपणच ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. या हक्कांबाबत शाखेचे खाते व मोबाईलचे खाते असा भेद नाही.

एका गोष्टीबाबत आम्ही तरुणांना कळकळीने सांगू इच्छितो. "तुझे खाते आम्हांला वापरायला दे, काही हजार रुपये देतो" असे सांगणारे लोक महाविद्यालयांच्या आसपास फिरतात. काही मिनिटांत उघडणारी खाती त्यांना फार सोयीची पडतात. फसवणुकीचा पैसा अशा भाड्याच्या खात्यातून फिरवला जातो. पुढे खाते गोठते, पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या नावाने, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तेच प्रकरण आडवे येते. ज्या घरातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीपर्यंत पोचली, त्या घराची सारी मेहनत अशा चार पैशांपायी मातीमोल होऊ नये.

वारस नोंद व घरातील माहिती

शाखेच्या खात्याचे पासबुक घरात असते. माणूस गेला तरी घरच्यांना ते सापडते. मोबाईलवरच्या खात्याचा कागदच नसतो. फोन कुलूपबंद, आणि खाते होते हेच कोणाला ठाऊक नाही, असे होऊ शकते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. वारसांना ती नंतरही मागता येते, पण आधी खाते कोठे होते ते कळले पाहिजे. यासाठी खाते उघडताना नामनिर्देशन अवश्य करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. शिवाय बँकेचे नाव, खाते क्रमांक व नामनिर्देशन एका वहीत लिहून घरातील विश्वासू माणसास दाखवून ठेवावे. पिन मात्र कोठेही लिहू नये.

संस्थेचे खाते

आपल्या मंडळांचे कार्यकर्ते विचारतात की, जयंतीची वर्गणी खजिनदाराच्या मोबाईलवरील क्यूआर कोडने गोळा केली तर चालेल का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : व्यक्तीच्या खात्यात संस्थेचा पैसा येऊ नये. खजिनदार कितीही सचोटीचा असो. ती रक्कम त्याच्या घरखर्चात मिसळते, त्याच्या नावावर उत्पन्न म्हणून दिसते, आणि पुढे हिशेबावरून वाद झाला तर प्रामाणिक माणसाचीच मान खाली जाते.

मोबाईलवरून काही मिनिटांत उघडणारी बचत खाती व्यक्तींसाठी आहेत. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यास नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, कार्यकारिणीचा ठराव व सह्यांचे अधिकार लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे विश्वस्त संस्थेची शिल्लक रक्कम शेड्यूल्ड बँक, डाकघर बचत बँक किंवा शासनाने मान्य केलेली सहकारी बँक अशा ठिकाणीच ठेवता येते. सबब संस्थेचे खाते शाखेतच, दोघांच्या संयुक्त सहीचे असावे. त्या खात्याचा क्यूआर कोड बँक देते. वर्गणीदार मोबाईलवरून देऊ शकतो, आणि पैसा मात्र थेट संस्थेच्या खात्यात पडतो.

आमचा सल्ला

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की, शाखा श्रेष्ठ की मोबाईल श्रेष्ठ असा हा वाद नाही. कोणत्या पैशाचे काम काय, हे ठरवले की खाते आपोआप ठरते. आमच्या मते साधारण विद्यार्थ्याने व पगारदार सभासदाने पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

१) घराजवळील शाखेत शून्य शिलकीचे, पूर्ण केवायसी झालेले एक खाते असावे. शिष्यवृत्ती, पगार, अनुदान व बचत येथेच यावी. आधार सीडिंग याच खात्याचे ठेवावे. दहा वर्षांवरील मुलांनाही, बँकेच्या धोरणानुसार, स्वतः चालवता येणारे बचत खाते देण्यास रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अनुमती दिली आहे; ही सवय शाळेपासूनच लागू शकते.

२) रोजच्या किरकोळ खर्चासाठी मोबाईलवरचे दुसरे खाते, शक्यतो वेगळ्या बँकेचे, घेण्यास हरकत नाही. त्यात आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी. यूपीआय याच खात्याला जोडावे. म्हणजे फसवणूक झाली तरी नुकसान आठवड्याच्या खर्चापुरते राहील.

३) हे दुसरे खाते उघडण्यापूर्वी आयएफएससी कोडवरून बँक ओळखावी, संमतीचे चौकोन एकेक वाचावेत, आणि उघडल्यावर केवायसी पूर्ण करून सीडिंगची स्थिती तपासावी.

४) बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्ता पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यावयाचे होते.

५) वापरात नसलेली खाती बंद करावीत. विसरलेले खाते चोराच्या कामी येते.

६) ज्येष्ठ सभासदांना केवळ मोबाईलच्या खात्यावर सोडू नये. शाखा दूर असेल तर पोस्टमन किंवा गावातील बँक मित्र यांची सोय लावून द्यावी. ठसा देऊन पैसे घेतल्यावर पावती घेण्यास शिकवावे.

ज्या पिढीला बँकेत ओळख देणारा कोणी मिळत नव्हता, तिच्या नातवंडांच्या हाती आज बँक आली आहे. हे सुदैवच म्हणावे लागेल. परंतु ओळख लागत नाही म्हणून चौकशीही लागत नाही, असे समजू नये. पूर्वी बँक आपली चौकशी करीत असे; आता आपण बँकेची चौकशी करण्याची वेळ आहे. विद्यार्थी मित्रांनी ही माहिती स्वतःपुरती न ठेवता एका संध्याकाळी वस्तीत बसून चार घरांचे सीडिंग तपासून द्यावे व आजी-आजोबांची नामनिर्देशने करून घ्यावीत. तसे झाल्यास आमच्या या लेखनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.